ज्याचे दुखणे, त्याचाही सल्ला

'ज्याचे जळते त्याला कळते' असे आपण सहज बोलून जातो. पण दवाखान्याच्या दारात पाऊल टाकताना ही म्हण बहुधा बाहेरच राहते. रुग्ण गप्प बसतो, सोबत आलेला मुलगा किंवा शौहर बोलतो, डॉक्टर लिहितात आणि घरी आल्यावर गोळ्या सुरू होतात.

डॉक्टर जे लिहितात ते सगळे त्यांच्या मनाचे असते असेही नाही. कोणत्या आजारात कोणते औषध आधी द्यायचे, किती महिने द्यायचे, कोणत्या तपासण्या करायच्या, औषध कधी बदलायचे, याचे नियम पुस्तिकांमध्ये लिहिलेले असतात. त्यांना उपचारांची मार्गदर्शिका, म्हणजे गाइडलाइन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना अशा मार्गदर्शिका काढते, निरनिराळ्या देशांची सरकारे काढतात, तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनाही काढतात. जिनिव्हात किंवा दिल्लीत एका टेबलाभोवती ठरलेली ओळ काही महिन्यांनी मालेगावच्या किंवा मुंब्र्याच्या दवाखान्यात आपल्या अम्मीच्या हातात गोळी होऊन पडते.

हे टेबल फार काळ फक्त तज्ज्ञांचे होते. गेल्या काही दशकांत जगभर एक मागणी जोर धरू लागली, की ज्यांनी तो आजार अंगावर काढला आहे, ते उपचार सोसले आहेत, त्यांनाही या टेबलावर जागा असावी. रुग्णाला वैद्यकशास्त्र कळत नाही, मग तो तिथे बसून करणार काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला सर्वांत जवळचे उदाहरण वाटले ते टीबीचे, कारण जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे.

कान गेले तरी चालतील, हे कोणी ठरवले?

साधा टीबी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. पण काही रुग्णांचे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. त्याला एमडीआर टीबी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे या आजाराचा उपचार साधारण वीस महिने चाले आणि त्यातले पहिले आठ महिने इंजेक्शने घ्यावी लागत. कॅनामायसिन, अमिकासिन आणि कॅप्रिओमायसिन ही त्या इंजेक्शनांची नावे. कंबरेत किंवा मांडीत रोजची सुई, सोबत मूठभर गोळ्या, उलट्या, चक्कर. अनेक रुग्ण बसता येत नाही म्हणून उभ्यानेच दिवस काढत.

या इंजेक्शनांनी आणखी एक गोष्ट होई. कानाच्या आतल्या भागात केसांसारख्या अतिशय बारीक पेशी असतात. आवाज मेंदूपर्यंत पोचवण्याचे काम त्या करतात. ही औषधे त्या पेशी मारतात आणि एकदा मेलेल्या त्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी कानात घूं घूं आवाज सुरू होतो, मग बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, आणि काहींच्या बाबतीत सगळेच शांत होते.

मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे नाही. दुष्परिणामांच्या यादीत 'श्रवणशक्ती कमी होणे' लिहिलेलेच होते. पण त्यामागचा हिशेब 'जान बची तो लाखों पाए' असा होता. जीव वाचतो आहे ना, मग कानांचे काय घेऊन बसलात? वरवर पाहता हिशेब बरोबर वाटतो. पण कान गमावणारा माणूस हा हिशेब करणाऱ्यांत कुठेच नव्हता.

दोन तरुणींनी हा प्रश्न जगासमोर ठेवला. फुमेझा तिसिले ही दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतली. २०१० साली कॉलेजात शिकत असताना तिला टीबी झाला. तोही एमडीआरच्या पुढचा, बहुतेक औषधांना न जुमानणारा. उपचारांत तिचे दोन्ही कान गेले. २०१३ मध्ये ती बरी झाली. पुढच्याच वर्षी, मे २०१४ मध्ये, जिनिव्हात जागतिक आरोग्य परिषद भरली असताना ती तिथे गेली आणि रुग्ण व डॉक्टरांनी मिळून तयार केलेला जाहीरनामा तिने मांडला. आम्हाला तपासा, आम्हाला चांगले उपचार द्या, अशी त्यातली मागणी होती.

दुसरी मुंबईची नंदिता वेंकटेशन. तिला आतड्यांचा टीबी दोनदा झाला, अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि २०१३ साली औषधाच्या दुष्परिणामाने तिची श्रवणशक्ती गेली. ती पत्रकार आहे आणि भरतनाट्यम करते. जिला तालावर नाचायचे आहे आणि ज्या पेशात दिवसभर लोकांचे ऐकायचे असते, तिच्यासाठी 'श्रवणशक्ती कमी होणे' हे तीन शब्द यादीतला एक मुद्दा राहत नाहीत.

विचार करा. टीबी बहुधा ऐन कमावत्या वयात गाठतो. रिक्षा चालवणाऱ्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही. फोनवर बोलता येत नाही म्हणून दुकानातली नोकरी जाते. तान्ह्या बाळाचे रडणे आईला ऐकू येत नाही. लग्न ठरत नाही, ठरलेले मोडते. टीबी बरा झाल्याची नोंद होते आणि कार्यक्रमाच्या दृष्टीने तो रुग्ण यशस्वी ठरतो. त्याच्या घराचा हिशेब मात्र वेगळा असतो.

मग नियम कसा बदलला?

२०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. २५ देशांतल्या ५० अभ्यासांमधून १२,०३० रुग्णांची माहिती एकत्र करून कोणत्या औषधाने किती फायदा झाला ते तपासले गेले. निष्कर्ष धक्का देणारा होता. बेडाक्विलिन, लिनेझोलिड यांसारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या ज्यांना मिळाल्या त्यांच्यात यश अधिक आणि मृत्यू कमी दिसले. उलट कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन ज्यांना दिले गेले, त्यांचे निकाल ती न घेतलेल्यांपेक्षा चांगले नव्हते, वाईटच होते. म्हणजे ज्या औषधासाठी लोकांनी कान दिले, त्याने त्या बदल्यात फारसे काही दिलेही नव्हते.

जून २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेने इंजेक्शनांच्या जागी बेडाक्विलिन द्यायचे जाहीर केले. ऑगस्ट २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन यापुढे देऊ नयेत असे सांगितले आणि मार्च २०१९ च्या मार्गदर्शिकेत ते पक्के केले. २०२२ मध्ये सहा महिन्यांच्या, केवळ गोळ्यांच्या नव्या उपचाराची शिफारस आली. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही त्याला मान्यता दिली. कुठे वीस महिने आणि आठ महिन्यांच्या सुया, कुठे सहा महिन्यांच्या गोळ्या!

हे सगळे रुग्णांच्या आवाजामुळेच झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. नवी औषधे शोधणारे शास्त्रज्ञ, ती वापरून नोंदी ठेवणारे डॉक्टर, आकडे जुळवणारे संशोधक यांच्याशिवाय ते शक्य नव्हते. पण बहिरेपणाला किती वजन द्यायचे, हा आकड्यांचा प्रश्न नाही. ते वजन रुग्णांनी वाढवले. 'चालतंय' म्हणून सोडून दिलेली गोष्ट त्यांनी 'चालणार नाही' म्हणून टेबलावर ठेवली.

फुमेझा आणि नंदिता तिथेच थांबल्या नाहीत. मार्गदर्शिकेत औषध लिहिले, पण ते परवडले नाही तर कागदाचा काय उपयोग? बेडाक्विलिन बनवणाऱ्या कंपनीने भारतात आपल्या पेटंटची मुदत पुढे वाढवण्यासाठी अर्ज केला होता. २०१९ साली दोघींनी पेटंट कार्यालयात त्याला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज नामंजूर झाला आणि इतर कंपन्यांनाही हे औषध स्वस्तात बनवण्याचा रस्ता मोकळा झाला.

टेबलावर नेमके काय ठरते?

मार्गदर्शिका म्हणजे पुराव्यांची बेरीज, असा आपला समज असतो. पुरावा तर हवाच. पण पुरावा एवढेच सांगतो की या औषधाने शंभरातल्या इतक्यांना फायदा होतो आणि इतक्यांना त्रास. तेवढ्या फायद्यासाठी तेवढा त्रास सोसावा का, हे पुरावा सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते.

आज जगभर जी पद्धत वापरली जाते, तिच्यात समिती आधी परिणामांची यादी करते. मृत्यू, आजार उलटणे, बहिरेपण, मळमळ, खर्च. मग प्रत्येकाला १ ते ९ असे गुण दिले जातात. ७ ते ९ गुण मिळालेली गोष्ट निर्णायक मानली जाते, त्याखालची महत्त्वाची, आणि १ ते ३ वाली किरकोळ. सल्ला ठरतो तो मुख्यतः वरच्या गोष्टींच्या तुलनेवर. आता बहिरेपणाला पाच गुण द्यायचे की आठ, हे ज्याला ऐकू येते त्याने एकट्याने ठरवावे का? रुग्णाची खुर्ची हवी ती इथे. औषधाचे रसायन समजावून सांगायला त्याला कोणी बोलावत नाही.

आणि कधी कधी यादीतूनच काही निसटते. संधिवाताचे उदाहरण घ्या. या आजारावरच्या औषधांची परीक्षा करताना डॉक्टर सुजलेले सांधे मोजत, दुखरे सांधे मोजत, रक्त तपासत. संधिवाताच्या संशोधनात काय मोजावे हे ठरवणाऱ्या 'ओमेरॅक्ट' या आंतरराष्ट्रीय गटाने २००२ साली पहिल्यांदा रुग्णांना आपल्या परिषदेत बसवले. रुग्णांनी सांगितले, तुम्ही आमचा थकवा मोजतच नाही. सूज उतरते, पण अंगातले त्राण जाते, घरातले साधे काम होत नाही, आणि हे आम्हाला दुखण्याइतकेच छळते. इतकी वर्षे नजरेसमोर असलेली ही गोष्ट तज्ज्ञांच्या यादीत नव्हती. काही वर्षांत या आजाराच्या अभ्यासात थकवाही मोजावा असे ठरले.

आता हे अनेक ठिकाणी नियमात आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वतःच्या नियमपुस्तिकेप्रमाणे मार्गदर्शिका ठरवणाऱ्या गटात तज्ज्ञांबरोबरच, ज्यांच्यावर त्या सल्ल्याचा परिणाम होणार आहे त्यांचे प्रतिनिधी असायला हवेत. इंग्लंडमध्ये मार्गदर्शिका काढणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या प्रत्येक समितीत किमान दोन सदस्य रुग्ण, रुग्णाची देखभाल करणारे किंवा सामान्य नागरिक असतात आणि त्यांना हजेरीचे मानधन मिळते.

शंका रास्त आहेत

रुग्णाला बोलवा म्हटले की काही शंका येतात. त्या उडवून लावण्यासारख्या नाहीत.

पहिली शंका अशी की एकाचा अनुभव सगळ्यांचा कसा मानायचा? एखाद्याला जे औषध बाधले ते हजारांना तारक असू शकते. म्हणूनच रुग्णाचे सांगणे पुराव्याच्या जागी ठेवायचे नसते, पुराव्याच्या शेजारी ठेवायचे असते. 'या औषधाने फायदा होतो का' याचे उत्तर अभ्यास देईल. 'फायदा म्हणजे आमच्यासाठी काय' हे रुग्ण सांगेल.

दोन्ही बाजूंची ओढाताण कशी होते हे इंग्लंडमध्ये दिसले. एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम नावाच्या आजारात थोड्याशा श्रमानेही माणूस दिवसचे दिवस आडवा होतो. २००७ च्या मार्गदर्शिकेत अशा रुग्णांना हळूहळू व्यायाम वाढवत न्या असा सल्ला होता. रुग्ण अनेक वर्षे सांगत राहिले की याने आमची अवस्था बिघडते. नव्या समितीत हा आजार भोगलेले लोकही होते. व्यायामाच्या बाजूचे पुरावे तपासले तेव्हा समितीने ते कमी दर्जाचे ठरवले. मग वाद पेटला. तीन सदस्य समितीतून बाहेर पडले, ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्धी ऐन वेळी थांबवली गेली, आणि शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सल्ला वगळून मार्गदर्शिका निघाली. आजही काही तज्ज्ञांना तो निर्णय मान्य नाही. पण वाद उघड झाला, कारणे लिहून ठेवली गेली आणि ज्यांच्या शरीराचा प्रश्न होता ते त्या खोलीत हजर होते.

दुसरी शंका पैशांची. रुग्णांच्या काही संघटनांना औषध कंपन्या मदत करतात. अशा संघटनेचा प्रतिनिधी कोणाच्या बाजूने बोलेल? यावर उपाय एकच. डॉक्टरांना जसे आपले हितसंबंध लेखी जाहीर करावे लागतात तसे रुग्ण प्रतिनिधींनाही करायला लावायचे.

तिसरी शंका आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. खुर्ची मिळेल, पण कोणाला? जो इंग्रजी बोलतो, ज्याला सुट्टी काढता येते, ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्यालाच. भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा, घरात बिड्या वळणारी, दुष्परिणाम झाला तर 'नशिबात होते' म्हणून गप्प बसणारी, यांचे काय? नाव यादीत असावे म्हणून एखाद्याला कोपऱ्यात बसवायचे आणि सगळी चर्चा त्याला न कळणाऱ्या भाषेत करायची, ही तर थट्टाच झाली. म्हणून एकापेक्षा जास्त रुग्ण हवेत, त्यांना आधी विषय समजावून सांगायला हवा, त्यांची बुडालेली रोजी भरून द्यायला हवी, आणि जे खोलीपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या वस्तीत, त्यांच्या बोलीत जाऊन विचारायला हवे.

रोजा आणि मधुमेह

विचारण्याने काय फरक पडतो याचे एक उदाहरण आपल्या घरातलेच आहे. मधुमेही व्यक्तीला डॉक्टरांनी 'रोजे ठेवू नका' एवढेच सांगितले तर काय होते ते आपण जाणतो. काही जण ऐकतात. बरेच जण डॉक्टरांना न सांगता रोजे ठेवतात आणि गोळ्यांच्या वेळा मनानेच बदलतात.

२००१ साली १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांना विचारून एक मोठा अभ्यास झाला. त्यात दिसले की टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के आणि इन्शुलिनवरच जगणाऱ्या टाइप १ च्या रुग्णांपैकीही सुमारे ४३ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे ठेवले होते. साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रकार त्या महिन्यात कित्येक पटींनी वाढले होते. केवळ मनाई करून हा प्रश्न सुटत नव्हता.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'डायबेटिस अँड रमादान' या गटाबरोबर २०१६ मध्ये आणि सुधारून २०२१ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, ती हे वास्तव धरूनच चालते. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. वय, औषधे, मूत्रपिंडाची अवस्था, मागच्या रमजानचा अनुभव यांवरून धोका किती ते गुणांनी ठरवा. ज्यांचा धोका जास्त आहे त्यांनी रोजे ठेवू नयेत. जे ठेवतील त्यांनी औषधांच्या मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा त्याच वेळी सोडावा. उलेमांचे मतही या कामात घेतले गेले. 'रुग्ण प्रत्यक्षात काय करतात आणि का करतात' हे विचारल्यावर नुसत्या मनाईच्या जागी अमलात आणता येईल असा सल्ला आला.

आपल्या हाती काय आहे?

जिनिव्हाचे टेबल दूर आहे. पण बोलण्याची सवय घरापासून लागते.

दवाखान्यात ज्याचे दुखणे आहे त्याला आधी बोलू द्या. सुनेचा, सासूचा, वृद्ध अब्बांचा त्रास दुसऱ्याने सांगायचा नसतो. औषध सुरू झाल्यावर काय जाणवते ते तारखेनिशी एका वहीत लिहा. कानात आवाज येणे, नजर धूसर होणे, हातापायांना मुंग्या, मन उदास राहणे, यांतले काहीही किरकोळ समजून लपवू नका. स्वतःच्या मनाने औषध बंदही करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, 'या औषधाने माझे काय बिघडू शकते? दुसरा पर्याय आहे का?' चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

घरात कोणी टीबीतून बरे झाले असेल तर तो अनुभव झाकून ठेवू नका. सरकारच्या टीबी कार्यक्रमात बरे झालेल्या रुग्णांना 'टीबी चॅम्पियन' म्हणून प्रशिक्षण दिले जाते आणि राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर टीबी फोरम आहेत, जिथे रुग्णांच्या प्रतिनिधींना जागा आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या टीबी विभागात किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर चौकशी करता येते. आपल्या मोहल्ल्यातून, विशेषतः आपल्या बहिणींमधून, तिथे कोणी तरी गेले पाहिजे. लग्नाच्या बाजारात नाव खराब होईल म्हणून मुलीचा आजार लपवणारी घरे आपल्यात कमी नाहीत. ती मुलगी बोलली नाही, तर तिच्यासारख्या मुलींचा त्रास कोणत्याच यादीत येणार नाही.

फुमेझा आणि नंदिता यांनी आपले कान गमावल्यानंतर आवाज उठवला. आज एमडीआर टीबीचा जो रुग्ण गोळ्या घेऊन सहा महिन्यांत घरी परततो, त्याला त्यांची नावेही बहुधा माहीत नसतात. त्याला आपल्या बाळाचे रडणे ऐकू येते.